उंदीर चालताना त्याच्या गुडघ्याचा अँगल कसा मोजायचा

आधी साईडने कॅमेरा लावा, तोही साधा सेकंदाला ३० फ्रेमवाला नको, कारण उंदराचं पाऊल इतकं झटपट पडतं की निम्मी हालचाल हातातून निसटते, २०० फ्रेम असेल तर बरं. मग मांडी-पायावरचे केस काढून खुबा, घोटा आणि पंजा इथे मार्कर लावायचे.

आता खरी गंमत गुडघ्याची. तिथली कातडी एवढी सैल असते की हाड एकीकडे आणि मार्कर भलतीकडेच, त्यामुळे त्या मार्करवर अजिबात विश्वास ठेवू नका. त्यापेक्षा मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची लांबी एक्सरेवरून मोजून ठेवा, खुबा ते घोटा अंतर व्हिडिओत मिळतंच, म्हणजे त्रिकोणाच्या तिन्ही बाजू हातात आल्या, कोसाइनच्या नियमाने अँगल काढा, झालं काम (शाळेतली त्रिकोणमिती इथे कामी येते बघा).

उंदीर ट्रेडमिलवर चालवत असाल तर तिचा स्पीड मात्र सगळ्या उंदरांना सेम ठेवा, स्पीड बदलला की अँगलही बदलतो आणि मग तुलनेला काही अर्थच राहत नाही. आणि हो, उंदराचा गुडघा पाय टेकलेला असतानाही चांगलाच वाकलेला राहतो, माणसासारखा जवळपास सरळ होत नाही, तेव्हा ग्राफ बघून दचकू नका.