डिस्का तीन, फोल्डर एकच: घरच्या सर्वरची मांडणी

राजेहो, जुन्या पीसीत तीन डिस्का टाकल्या की पहिला घोळ हाच, की लग्नाचे फोटो कोन्या डिस्कवर, सातबाऱ्याचे स्कॅन कोन्या, अन् घरचे इचारतात तवा आपनच शोधत बसतो.

लिनक्सवर मर्जरएफएस (mergerfs, डिस्का जोडून एक दाखवनारं सॉफ्टवेअर) टाका. तिन्ही डिस्का एकाच फोल्डरात दिसतात, फाइल मात्र अख्खी एकाच डिस्कवर राह्यते, म्हनून एक डिस्क मेली तर तिच्यावरचंच जाते, बाकीचं शाबूत. पन हा बॅकअप नाही बरं, फोटोची दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर ठेवाच.

आता खरी गोम. एफस्टॅबमंदी (/etc/fstab, कोनती डिस्क कुठं लावायची ते सांगनारी फाइल) डिस्क यूयूआयडीनं (UUID, तिच्या ओळख नंबरानं) लावा, लिनक्सनं दिलेली एसडीए-एसडीबी नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात. सोबत नोफेल (nofail, म्हंजे डिस्क नसली तरी पुढं जा) लिहा, नाहीतर एखादी डिस्क नाही उठली की बूटच अडकते, अन् आपल्याकडं लाइन दिवसातून कितीदा जाते ते सांगाले नको. अजून एक, डिस्क माउंट (म्हंजे फोल्डरले जोडलेली) नसताना कॉपी केलं तर डेटा गुपचूप सिस्टमच्या डिस्कवर जाते (माह्या मोठ्या भावाचे हार्वेस्टरचे व्हिडिओ असेच तिथं जाऊन बसले, मी दोन दिवस शोधत होतो). म्हनून डिस्क लावायच्या आधी त्या रिकाम्या माउंट फोल्डरले चॅटर प्लस आय (chattr +i, फोल्डरले कुलूप लावनारी कमांड) मारून ठेवा, मंग डिस्क नसताना तिथं काहीच लिहिता येत नाही.

नवीन फाइल कुठं जाईल ते मर्जरएफएसची क्रिएट पॉलिसी ही सेटिंग ठरवते, एमएफएस (mfs, मोस्ट फ्री स्पेस) ठेवली की जिथं जास्त जागा तिथं.

सांबात (Samba, घरच्या बाकी कॉम्प्युटरले फोल्डर दाखवनारं सॉफ्टवेअर) शेअर मर्ज केलेल्या फोल्डरचाच द्या, सुट्या डिस्कांचा नाही. फोटो, शेती, सिनेमे असे तीनच फोल्डर करा, जास्त केले की कोनी पाळत नाही.