ऊसतोडीवर, पाण्यावर, बालविवाहावर फिल्म करताय? ग्रँट मागताना या चुका टाळा

अंबाजोगाई, परळी, जालना, हिंगोली, सगळीकडून पोरापोरींचे फोन येतात की दादा विषय एवढा दमदार आहे तरी आमचा अर्ज पहिल्याच फेरीत काहून बाद होतो. मी म्हणतो अर्ज पाठव, वाचतो. असे बरेच वाचले, माझे स्वतःचे दोन बाद झालेत, त्यावरून सांगतो, विषय बहुतेक वेळा चांगलाच असतो. अडतं ते तीन ठिकाणी: फिल्म कोणावर आहे, शूट कधी होणार, आणि पैसा कोणाच्या खात्यात येणार.

अर्जात फिल्मच दिसत नाही

दहातले आठ अर्ज एकाच वाक्याने सुरू होतात, मराठवाडा हा कायम दुष्काळी भाग. मग २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं ते येतं, मग २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाची पिशवी काढण्याच्या बातम्या आल्या आणि सरकारने नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली ते येतं, मग आत्महत्या. सगळं खरं आहे, पण हे निवड करणाऱ्याने आधीच वाचलेलं असतं आणि तीन पानं झाली तरी कॅमेरा कोणासमोर लावणार हे त्याला कळत नाही. हा संस्थेचा अहवाल झाला, फिल्मचा प्रस्ताव नाही.

त्यापेक्षा असं लिहा. धारूर तालुक्यातली एक बाई, नवऱ्यासोबत दरवर्षी उचल, म्हणजे ठेकेदाराकडून आगाऊ पैसे, घेऊन कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला जाते, यंदा थोरली पोरगी दहावीला आहे, परीक्षा मार्चमध्ये आणि तेव्हा तोडणाऱ्यांची टोळी अजून कारखान्यावरच असणार, म्हणजे पोरगी गावात कोणाकडे राहणार, आजी थकलेली, आणि घरात लग्नाचं बोलणं सुरू झालेलं. एवढ्या चार ओळीत उचल, शाळा, बालविवाह सगळं आलं आणि वाचणाऱ्याला कळलं की पुढच्या सहा महिन्यात काहीतरी घडणार आहे आणि तुम्ही तिथे असणार आहात. आकडे द्या पण एक परिच्छेद, बास.

भाषेचं पण सांगतो. अर्ज इंग्रजीतच पाहिजे असं धरून लोक मोबाईलवर भाषांतर मारतात आणि मुकादमाचा, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचा, सुपरवायझर होतो, उचलीचं बँकेचं कर्ज होतं. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही कलेसाठी ग्रँट देणारी संस्था १९९३ पासून आहे, ते भारतीय भाषांमधले प्रस्ताव घेतात, तिथे सरळ मराठीत लिहा. जिथे इंग्रजी सक्तीचं आहे तिथे आधी मराठीत पूर्ण लिहा मग जाणकार माणसाकडून करून घ्या, आणि कोयता, उचल, टोळी हे शब्द तसेच ठेवून एका ओळीत अर्थ सांगा. आणखी एक, अजूनही लोक फिल्म्स डिव्हिजन या केंद्र सरकारच्या माहितीपट विभागाच्या नावाने अर्ज लिहितात. मार्च २०२२ मध्येच तिचं काम एनएफडीसीकडे, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेलं, जुना नमुना कॉपी करताना हे बघा.

ग्रँटचं कॅलेंडर वेगळं, गावाचं वेगळं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर. एका अर्जात मी शूटिंग मे-जूनमध्ये टाकलं, कारण तेव्हा मला सुट्टी होती. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं की हंगाम मार्च-एप्रिलला संपतो ना, मग मे महिन्यात तुम्ही ऊसतोडीचं काय शूट करणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं बरोबर होतं, तो अर्ज बाद व्हायलाच पाहिजे होता.

आपल्याकडे पावसाळ्यात उचल घेतली जाते, दसरा-दिवाळीच्या आसपास गाड्या भरून लोक पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. ग्रँटचा निकाल यायला चार-सहा महिने सहज जातात, वर करारनामा आणि पहिला हप्ता. म्हणजे ऑगस्टमध्ये अर्ज केला तर पैसा हातात येईपर्यंत टोळी सांगली-कोल्हापूरकडच्या फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, पोचलेली असते आणि गाव सोडतानाचा सीन, जो तुमच्या फिल्मचा जीव आहे, तो गेला.

यावर उपाय असा की अर्ज आदल्या हंगामातच करायचा आणि वेळापत्रक दोन लिहायची, पैसा वेळेत आला तर हे आणि जानेवारीत आला तर हे. आणि गाव सोडतानाचं शूट ग्रँटची वाट न बघता मित्राचा कॅमेरा घेऊन करून ठेवायचं, त्यातलेच तीन-चार मिनिटं नमुना म्हणून अर्जाला जोडता येतात. पाण्यावर फिल्म असेल तर उलटं, तिथे मार्च ते जून हाच हंगाम.

पैसा कोणाच्या खात्यात येणार?

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण निवड झाल्यावर कळतं.

परदेशी फंड, म्हणजे रॉटरडॅमचा ह्युबर्ट बाल्स फंड किंवा आम्सटरडॅमचा इडफा बेर्था फंड, यांची नावं ऐकून लोक अर्ज भरतात. भरा, पण आधी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, समजून घ्या. २०१० चा कायदा आहे, सामाजिक, सांस्कृतिक, शैक्षणिक कामासाठी बाहेरचं अनुदान घ्यायचं तर नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीला संस्था किमान तीन वर्षं जुनी पाहिजे आणि तीन वर्षांत कामावर किमान १५ लाख खर्च झालेले पाहिजेत, आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो. लोक म्हणतात, ओळखीच्या संस्थेकडे एफसीआरए आहे, त्यांच्या खात्यात घेऊ आणि ते आपल्याला वळवतील. २०२० च्या दुरुस्तीनंतर असं पुढे वळवता येत नाही. तुम्ही तर अडकालच, पण पंधरा-वीस वर्षं काम करणाऱ्या त्या संस्थेची नोंदणी पण धोक्यात येईल. संस्थेने फिल्म स्वतःचा प्रकल्प म्हणून करायची आणि तुमच्या कामाची फी बिलावर द्यायची हा वेगळा प्रकार आहे, तो सुद्धा एफसीआरए कळणाऱ्या सीएला कागद दाखवून, पैसा यायच्या आधी. अजून एक, चालू घडामोडींचे कार्यक्रम बनवणाऱ्या कंपन्या-संस्थांना असा निधी घ्यायला मनाईच आहे, त्यामुळे तुमची संस्था न्यूज चॅनल पण चालवत असेल तर हे पहिल्या दिवशीच सीएला सांगा.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून समाजाच्या कामावर करायच्या खर्चाचं, वेगळं. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात कंपन्या आहेत, लोक थेट जाऊन म्हणतात आमच्या फिल्मला स्पॉन्सर करा, शेवटी तुमचा लोगो टाकतो. कंपनीच्या जाहिरातीसाठी दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरलीच जात नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा असतो, तोही ठरलेल्या विषयांवर, शिक्षण, आरोग्य, स्त्री-पुरुष समानता वगैरे. बाहेरच्या संस्थेमार्फत करायचा तर संस्थेकडे १२ए, ८०जी या आयकराच्या नोंदण्या, सीएसआर-१ ही सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची नोंदणी आणि तीन वर्षांचं काम पाहिजे. म्हणून तुम्ही एकटे असाल तर आधी अशी संस्था सोबत घ्या, आणि प्रस्तावात फिल्म कमी आणि फिल्म घेऊन काय करणार ते जास्त लिहा, किती आश्रमशाळा, किती वसतिगृहं, दाखवल्यावर चर्चा कोण घेणार. आर्थिक वर्ष सुरू होतं तेव्हा जा, मार्चमध्ये गेलात तर त्या वर्षाचा पैसा बहुतेक वाटून झालेला असतो.

आणि मराठी चित्रपटाचं सरकारी अनुदान बजेटमध्ये आधीच धरू नका. ते फिल्म पूर्ण होऊन, सेन्सॉर होऊन, समितीने बघून गुण दिल्यावर मिळतं. घर गहाण ठेवून त्या भरवशावर शूट करणारे मी पाहिलेत, वाईट वाटतं.

बजेट

कमी लिहिलं तर मिळेल असं वाटून लोक स्वतःचं मानधन शून्य टाकतात. निवड समितीला यातून एवढंच कळतं की हा माणूस सहा महिन्यात पोटासाठी दुसऱ्या कामाला लागेल आणि फिल्म राहील. साउंडचा माणूस, दोन हार्ड डिस्क, सबटायटल, संगीताचे हक्क, हे चार खर्च हमखास विसरतात. फडावर ट्रॅक्टरवर गाणं वाजत असतं, ते फिल्ममध्ये आलं की हक्काचा प्रश्न येतो. आपली बोली कळणारा सबटायटल करणारा शोधा आणि त्याला नीट पैसे द्या.

संमती कागदापुरती नको

ज्या बाईने पिशवी काढल्याचं कॅमेऱ्यासमोर सांगितलं तिला उद्या त्याच मुकादमाकडे जायचं आहे. संमतीपत्र मराठीत, वाचून दाखवून, आणि एडिट झाल्यावर परत तिला दाखवून विचारा, तिने नको म्हटलं तर काढा. बालविवाह किंवा अत्याचारातल्या मुलीचा चेहरा, नाव, शाळा, गाव काहीच ओळखू येता कामा नये, बाल न्याय कायदा आणि पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) दोन्हीत ओळख उघड करायला बंदी आहे. कथापट असेल आणि मूल काम करत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि त्याच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. हे तुम्ही स्वतःहून अर्जात लिहिलं तर समितीला लगेच दिसतं की तुम्ही पोराचा विचार केलाय.

बाद झालाच तर

दोन ओळींचा मेल करा की कुठे कमी पडलं ते कळवाल का. सगळे उत्तर देत नाहीत, पण मला एकदा आलं आणि त्यातूनच पुढचा अर्ज जमला. आणि मिळालं तर पहिल्या दिवसापासून वेगळं खातं, फडावरच्या चहाचं आणि जीपच्या डिझेलचं सुद्धा व्हाउचर, तारखेसकट. बिल न देणाऱ्याची सही किंवा अंगठा त्याच दिवशी घ्या, कारण दुसरा हप्ता पहिल्या हप्त्याचा हिशोब दिल्यावरच सुटतो आणि तोपर्यंत ती टोळी दुसऱ्या कारखान्यावर गेलेली असते.