उगी घट्ट, रॅडिकल पातळ

वलयी संयुगांवर पीएचडी सुरू करणारे आधी विचारतात, कॅटॅलिस्ट कोणता घेऊ? मी उलट विचारतो, मिश्रण किती घट्ट ठेवलंय?

इवार उगी यांच्या १९५९ च्या अभिक्रियेत अमाइन, अल्डिहाइड, कार्बोक्सिलिक आम्ल आणि आयसोसायनाइड एकाच फ्लास्कमध्ये जोडले जातात. वेगळं होतं ते फक्त पाणी. चौघांची गाठ पडायला हवी, म्हणून द्रावक मेथनॉल बेताचंच : प्रत्येक घटक लिटरमागे अर्धा ते एक मोल (मोलार). अमाइन-अल्डिहाइडचं इमाइन आधी होऊ द्या, मग आम्ल, शेवटी आयसोसायनाइड. त्याचा वास असह्य असतो. भांडी फ्यूम हूडमध्येच आम्ल घातलेल्या मेथनॉलने धुवा.

इथे वलयाची नुसती तयारी होते. अ‍ॅलिलअमाइनमुळे दुहेरी बंध आला, क्लोरोअ‍ॅसिटिक आम्लामुळे क्लोरीन. सोडियम आयोडाइड वापरून क्लोरीनच्या जागी आयोडीन आणलं, की रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेला, झटकन अभिक्रिया करणारा कण) तयार करायची जागा मिळते. बंद होणारं वलय पाच अणूंचं, पायरोलिडिनोन.

आता सगळं उलटं. वलय एकाच रेणूच्या आत मिटतं, त्याला गर्दी नको. रॅडिकल घडवायला वापरलेलं ट्रायब्युटिलटिन हायड्राइड मात्र जितकं जास्त, तितक्या लवकर रॅडिकलला हायड्रोजन देऊन मोकळं होतं आणि हाती सरळ साखळीच राहते. ५-हेक्झेनिल या नमुन्याच्या रॅडिकलचा हिशेब एकदा वहीत करून बघा. २५ अंशांना वलय मिटण्याचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख. हायड्रोजन घेण्याचा सुमारे २० लाख गुणिले हायड्राइडची मोलार संहती. म्हणजे ०.१ मोलारला बरोबरी, ०.०१ ला वलय दसपट पुढे. तुमच्या रॅडिकलचे आकडे वेगळे असतील, पण हायड्राइड थेंबाथेंबाने सोडणारा सिरिंज पंप कशासाठी हे यातून कळतं. रॅडिकल साखळी सुरू करणारं एआयबीएनही हप्त्याहप्त्याने घाला. ८० अंशांना ते दोनेक तासांतच निम्म्याखाली येतं. आणि द्रावणातला ऑक्सिजन आधी काढा.

उगीच्या उत्पादिताचा एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा वर्णपट) पाहून बरेच जण घाबरतात : प्रत्येक शिखर दुहेरी! बहुधा ती अशुद्धी नसते. अमाइड बंध सावकाश फिरतो, म्हणून दोन रोटामर (त्याच रेणूची बंधाभोवती वेगळी वळलेली रूपं) दिसतात. डीएमएसओमध्ये नमुना तापवला की शिखरं एक होऊ लागतात. हाच बंध चुकीच्या बाजूला असेल तर रॅडिकल दुहेरी बंधापर्यंत पोचतच नाही, म्हणून सायक्लायझेशन (वलय मिटवणं) उकळत्या टोल्युइनमध्ये करावं.

टिनचं हे संयुग विषारी, आणि शुद्धीकरणाच्या सिलिका कॉलममधून चिवटपणे सोबत येतं. सिलिकात १० टक्के पोटॅशियम कार्बोनेट मिसळल्यास बरंचसं अडकतं. मी नवख्यांना आधी त्याऐवजी ट्रिस(ट्रायमिथाइलसिलिल)सिलेन वापरायला सांगतो. महाग आहे, पण हायड्रोजन सावकाश देतं, त्यामुळे वलयाला जास्त वेळ मिळतो.