घरी तयार केलेली सौर आणि पवन वीज कंपनीला कशी विकावी

छतावर सौर पॅनेल किंवा आवारात लहान पवनचक्की उभारून उरलेली वीज विकायची असेल, तर सर्वांत आधी वीज कंपनीच्या खरेदी कराराचा नमुना मागवावा. पॅनेलचे दरपत्रक त्यानंतर. बहुतेक जण नेमके उलटे करतात. छत मोजून मावतील तेवढी पॅनेल बसवतात आणि मग आपल्या युनिटला काय भाव मिळणार याची चौकशी सुरू करतात. तोवर खर्च होऊन गेलेला असतो आणि हिशेबाची पद्धत बदलणे आपल्या हातात नसते.

ही पद्धत साधारणपणे तीन प्रकारची असते. नेट मीटरिंगमध्ये कंपनीला दिलेले युनिट घेतलेल्या युनिटमधून थेट वजा होते. नेट बिलिंगमध्ये घेतलेल्या विजेला नेहमीचा दर लागतो, दिलेल्या विजेला वेगळा आणि बहुधा कमी दर मिळतो, आणि वजाबाकी रुपये-पैशांची होते, युनिटची नव्हे. ग्रॉस मीटरिंगमध्ये तयार झालेली सगळी वीज कंपनीकडे जाते आणि घराला लागणारी सगळी वीज कंपनीकडून घ्यावी लागते.

फरक किती पडतो, हे एका उदाहरणावरून पाहावे. समजा, घराचा महिन्याचा वापर ३०० युनिट आहे, निर्मिती ३६० युनिट आहे, आणि त्यांपैकी १४० युनिट तयार होता होताच घरात खर्च होतात. म्हणजे २२० युनिट बाहेर जातात आणि रात्री किंवा ढगाळ वेळी १६० युनिट आत येतात. नेट मीटरिंग असेल, तर ऊर्जेचे बिल शून्य होऊन वर ६० युनिट जमा राहतात. नेट बिलिंगमध्ये विक्रीचा दर खरेदीच्या एक तृतीयांश धरला, तर २२० युनिटांचे मोल सुमारे ७३ युनिटांइतकेच भरते आणि ८७ युनिटांचे पैसे द्यावे लागतात. त्याच दराने ग्रॉस मीटरिंग केले, तर ३६० युनिटांचे मोल १२० युनिटांइतके होते आणि उरलेल्या १८० युनिटांचे पैसे भरावे लागतात. छत तेच, ऊन तेच, पॅनेलही तीच.

याच उदाहरणात पाण्याचा पंप, धुलाई यंत्र, गीझर यांसारखा ६० युनिटांचा वापर रात्रीऐवजी दुपारी केला, तर नेट बिलिंगमधली देय रक्कम ८७ वरून सुमारे ४७ युनिटांच्या किमतीवर येते. एक पॅनेलही वाढवावे लागत नाही. त्यामुळे विक्रीचा दर खरेदीदरापेक्षा कमी असेल, तिथे आधी वापराची वेळ बदलावी आणि उरेल तेवढेच विकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

करार वाचताना दराखेरीज आणखी काही कलमांवर बोट ठेवून प्रश्न विचारावेत. हिशेब तासाला होतो, महिन्याला की वर्षाला? वर्षअखेरीस उरलेली युनिटे पुढे जातात, कमी दराने विकत घेतली जातात की रद्द होतात? दर किती वर्षांसाठी बांधलेला आहे? घर विकल्यास करार नव्या मालकाच्या नावावर होतो का? स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असला तरी बिलात लागणारी ठरावीक रक्कम, बहुधा भरावाच लागतो; बिल शून्यावर येईल असे सांगणारा विक्रेता ही गोष्ट हमखास विसरतो.

कराराच्या मुदतीला इतके महत्त्व का द्यायचे, हे या व्यवहाराचा इतिहास पाहिला की कळते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने लहान उत्पादकांची वीज विकत घेणे कंपन्यांवर बंधनकारक केले. जर्मनीने २००० च्या कायद्याने अशा विजेला साधारण २० वर्षे ठरावीक दराची हमी दिली. पण ब्रिटनमध्ये २०१० साली सुरू झालेली अशीच योजना २०१९ मध्ये नव्या अर्जदारांसाठी बंद झाली, आणि कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांना नेट बिलिंगकडे वळवले. नियम बदलताना जुन्या ग्राहकांना सहसा जुन्या अटींची मुभा मिळते, म्हणून आपला अर्ज कोणत्या तारखेला स्वीकारला गेला याची पोच जपून ठेवावी.

कंपनीकडे करायच्या अर्जासोबत बहुधा एकरेषीय विद्युत आराखडा (जोडणीतले भाग एका रेषेवर दाखवणारे चित्र), पॅनेल व इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेसारखी करणारे यंत्र) यांची प्रमाणपत्रे आणि जोडणीचा मंजूर भार यांची माहिती द्यावी लागते. तुमच्या भागातल्या ट्रान्सफॉर्मरवर आधीच पुष्कळ सौर जोडण्या असतील, तर कंपनी क्षमता कमी करायला सांगू शकते. म्हणूनच तत्त्वतः मंजुरी मिळण्यापूर्वी सामानाची आगाऊ रक्कम देऊ नये.

इन्व्हर्टर ग्रिडशी, म्हणजे कंपनीच्या वीजजाळ्याशी, जोडता येणारा हवा आणि बाहेरची वीज गेल्याबरोबर त्याने आपला पुरवठा थांबवायला हवा. तारांवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव या एका गुणावर अवलंबून असतो. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे या विषयावरचे १५४७ क्रमांकाचे मानक त्यासाठी जास्तीत जास्त २ सेकंदांची मुदत देते. साहजिकच बॅटरी आणि वेगळी स्विच-व्यवस्था नसेल, तर भर दुपारी वीज गेल्यावर पॅनेल असूनही घर बंदच राहते.

दुसरी एक अडचण सहसा कोणी सांगत नाही. कडक ऊन असताना, म्हणजे कमाईच्या ऐन वेळी, इन्व्हर्टर वारंवार बंद पडतो. वीज बाहेर ढकलताना इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज चढते, आणि मीटरपर्यंतची वायर लांब व बारीक असेल तर ते मर्यादेपलीकडे जाते. इन्व्हर्टर मीटरजवळ बसवणे किंवा जाड वायर घालणे हा त्यावरचा उपाय. तरीही मीटरपाशीच व्होल्टेज जास्त दिसले, तर लेखी तक्रार कंपनीकडे करावी.

पवनचक्कीचा विचार अधिक सावधपणे करावा. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून सेकंदाला ११ मीटर वेगावर १ किलोवॉट देणारे यंत्र निम्म्या वेगावर साधारण आठवा हिस्साच देते. पात्यांचे खालचे टोक ९० मीटरच्या परिसरातल्या कोणत्याही झाडा-इमारतीपेक्षा किमान ९ मीटर उंच असावे, असा संकेत आहे. छतावर आखूड खांब रोवून बसवलेली चक्की भोवऱ्यांत सापडते, घराला कंप देते आणि वीज मात्र नगण्य देते. शिवाय पॅनेलचा भार तोडला तर ते निमूट उन्हात पडून राहते, पण भार सुटलेली चक्की बेफाम फिरू लागते. म्हणून ग्रिड गेल्यावर ती वीज जिरवणारा रोधक आणि ब्रेक असल्याशिवाय पवनचक्की जोडू नये. त्या जागी वर्षभर वारा मोजलेला नसेल, तर तो पैसा पॅनेलमध्ये घालणे बरे.

काम पूर्ण झाले, तरी दोन्ही दिशांनी मोजणारा मीटर लागेपर्यंत यंत्रणा सुरू करण्याचा मोह टाळावा. काही जुने इलेक्ट्रॉनिक मीटर दिशा ओळखत नाहीत. बाहेर गेलेले युनिटही ते वापर म्हणून नोंदवतात, आणि दान केलेल्या विजेचे बिल आपल्यालाच भरावे लागते. तपासणीच्या दिवशी मुख्य स्विच पाडून इन्व्हर्टर लगेच थांबतो का, आणि पुरवठा परतल्यावर ठरलेली काही मिनिटे थांबूनच पुन्हा सुरू होतो का, हे स्वतः उभे राहून पाहावे.

नवा मीटर लागला की त्याच्या पडद्याचे छायाचित्र घ्यावे. अनेक मीटरांवर १.८.० या क्रमांकाखाली घेतलेली आणि २.८.० खाली दिलेली वीज दिसते. पहिले बिल आले की हे दोन आकडे त्यातल्या नोंदींशी ताडून पाहावेत, आणि इन्व्हर्टरवरील एकूण निर्मितीतून २.८.० मधली वाढ वजा करावी. जे उरते तो घरातला थेट वापर, आणि तो बिलात कुठेच छापलेला नसतो.