यकृताच्या कर्करोगातील प्रतिकारपेशींच्या चयापचयावरचा शोधनिबंध कसा वाचावा

निबंध हाती घेतला की निष्कर्षाकडे न वळता आधी कार्यपद्धतीचा भाग उघडावा आणि पाहावे की, ज्या पेशींविषयी दावा केला आहे त्या मोजमापाच्या वेळी कुठे होत्या व त्यांना खायला काय मिळत होते. टी पेशी (कर्करोगाच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशी) प्रयोगशाळेत अनेकदा आरपीएमआय-१६४० या पोषक द्रवात वाढवतात. त्यात दर लिटरला २ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे माणसाच्या उपाशीपोटी रक्तात असते त्याच्या दुपटीहून अधिक. अशा सुकाळात वाढलेल्या पेशीवरून कर्करोगाच्या गाठीतल्या ग्लुकोजच्या टंचाईचा अंदाज बांधणे मला धोक्याचे वाटते.

ही टंचाई काय करते, हे २०१३ मधील एका प्रयोगाने फार सुरेख दाखवले. ग्लुकोज कमी पडल्याने त्याच्या विघटनाच्या कामातून मोकळे झालेले जीएपीडीएच हे विकर (एन्झाइम) इंटरफेरॉन-गॅमा या प्रतिकारासाठी स्रवल्या जाणाऱ्या प्रथिनाच्या संदेशवाहक आरएनएला (प्रथिन बनवण्याची सूचना नेणाऱ्या रेणूला) जाऊन चिकटते आणि त्या प्रथिनाची निर्मिती मंदावते. टी पेशी जिवंत असते, पण तिचे मुख्य शस्त्र बोथट होते. म्हणून निबंधात पेशींची केवळ संख्या दिली असेल, तर त्या काय स्रवतात हेही शोधावे.

मात्र ‘गाठ सगळे ग्लुकोज पळवते’ हे वाक्य यकृताच्या बाबतीत जपून घ्यावे. मूळ यकृतपेशीशी साम्य राखणाऱ्या गाठींमध्ये ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे विकर भरपूर असते. ते आत अडकलेले ग्लुकोज पुन्हा मोकळे करते, त्यामुळे ग्लुकोजसारखा किरणोत्सारी पदार्थ टोचून केल्या जाणाऱ्या एफडीजी-पेट तपासणीत त्या पुष्कळदा उजळतच नाहीत. शिवाय निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते, तर वाढलेली गाठ मुख्यतः धमनीवर जगते. त्यामुळे शेजारच्या ऊतीतील आकडे गाठीला लावू नयेत.

त्यानंतर कर्करोग ज्यातून उद्भवला तो यकृताचा मूळ आजार कोणता, हे तपासावे. मेदयुक्त यकृत असलेल्या उंदरांवरील २०१६ च्या अभ्यासात लिनोलेइक आम्ल या मेदाम्लामुळे सीडी४ टी पेशींच्या (इतर प्रतिकारपेशींना मदत करणाऱ्या) तंतुकणिकांवर (पेशीतील ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियांवर) ऑक्सिडीकरणाचा ताण येऊन त्या पेशी मरत होत्या, थेट मारा करणाऱ्या सीडी८ टी पेशी मात्र बऱ्याच अंशी टिकत होत्या. हिपॅटायटिस बी मुळे झालेल्या कर्करोगाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू पडेल, असे गृहीत धरू नये.

अशा वाचनावरून रुग्णाची साखर तोडण्याचा सल्ला कुणीही देऊ नये, कारण उपवासातही शरीर स्वतः ग्लुकोज तयार करत राहते आणि सिरोसिसच्या (यकृतात व्रण पडून ते कठीण होण्याच्या आजाराच्या) रुग्णांत कुपोषण आधीच वारंवार आढळते.