विजय हजारे यांच्यावर अर्ध्या तासाचे व्याख्यान कसे तयार करावे

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या परिसरातील मराठी वाचनालयांत आणि शाळांत हिवाळ्याच्या दिवसांत व्याख्याने होतात. साहित्य, इतिहास आणि आरोग्य या विषयांवर बोलणारे वक्ते सहज मिळतात; खेळाचा विषय आला की मात्र गावात क्रिकेट खेळलेला किंवा नुसते भरपूर पाहिलेला एखादा माणूस गाठून त्याला गळ घातली जाते. अशी गळ मला तीन-चार वेळा घातली गेली आहे. पुढच्या वक्त्याला उपयोग व्हावा म्हणून, कसोटीपटू विजय हजारे यांच्या कारकिर्दीवर अर्धा तास कसे बोलता येईल, ते येथे मांडत आहे.

हजारे यांचीच निवड करण्यामागे कारण आहे. तेंडुलकर, द्रविड किंवा कुंबळे यांच्याबद्दल श्रोत्यांना वक्त्याइतकेच, पुष्कळदा वक्त्यापेक्षा अधिक ठाऊक असते. हजारे यांचे नाव मात्र सर्वांच्या कानांवर असूनही त्यांची एकही खेळी कोणाला सांगता येत नाही. शिवाय ते ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत जन्मले. आपल्याकडच्या कितीतरी घरांचे सोयरेसंबंध सांगली-मिरजेत आहेत आणि रेल्वेने मिरज गाठले की सांगली जवळच. तेव्हा हा माणूस श्रोत्यांना परका वाटत नाही.

पहिली सूचना अशी की जन्मतारखेपासून सुरुवात करू नये. माझ्या पहिल्या व्याख्यानात मी जन्म, शिक्षण, पदार्पण, एकूण धावा, पुरस्कार आणि निधन असा क्रम लावला होता. दहाव्या मिनिटाला मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली आणि पुढे बसलेले एक वयस्कर गृहस्थ सरळ म्हणाले, ‘‘ते आकडे ऱ्हाऊंदे गा, एक डाव तर दाखीव.’’ त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्यानंतर मी नेहमी एका डावापासूनच सुरुवात करतो, आणि तो डाव सांगत नाही, फळ्यावर लिहून दाखवतो.

तो डाव १९४३-४४ च्या हंगामातील मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यातील आहे. ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला होता आणि त्यात विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावा होत्या. समोरच्या ‘इतर’ म्हणजे ‘रेस्ट’ संघाने पहिल्या डावात १३३ धावा केल्या, त्यांत हजारे यांच्या ५९. फॉलोऑन मिळाल्यावर, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजी करावी लागल्यावर, दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यांत हजारे यांच्या ३०९. एवढे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहावेत आणि थांबावे. मग एखाद्या विद्यार्थ्याला पुढे बोलावून ३८७ मधून ३०९ वजा करायला सांगावे. उत्तर ७८ येते, आणि दुसऱ्या बाजूने खेळलेल्या सगळ्या फलंदाजांच्या धावा अवांतर धावांसकट एवढ्याच होत्या, हे मुलांना त्या क्षणी वक्त्याने न सांगता कळते.

यापुढची गोष्ट या डावाचा गाभा आहे. तिला निवांत वेळ द्यावा. हजारे यांच्याबरोबर सहाव्या गड्यासाठी त्यांचे बंधू विवेक खेळत होते आणि त्या दोघांनी ३०० धावांची भागीदारी केली. त्या भागीदारीत विजय यांच्या २६६ आणि विवेक यांच्या २१ धावा होत्या; उरलेल्या १३ अवांतर. ज्यांनी गल्लीत भावाबरोबर फलंदाजी केली आहे, त्यांना ‘तू फक्त उभा राहा’ या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २१ धावा करून ३०० च्या भागीदारीत टिकणे हेही काम आहे, असे माझे मत आहे आणि मी ते व्याख्यानात आवर्जून सांगतो. सामना हिंदू संघाने एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला. हे लपवू नये, कारण पराभूत संघातील खेळी म्हणूनच तिची किंमत कळते.

येथे हमखास एक प्रश्न येतो: सांगलीचा मराठी माणूस हिंदूंच्या विरुद्ध कसा? उत्तर तयार ठेवावे. ही स्पर्धा धर्मावर आधारलेल्या संघांची होती. युरोपीय, पारशी, हिंदू आणि मुस्लिम हे चार संघ आधीपासून होते आणि १९३७ पासून ख्रिस्ती, ज्यू वगैरे समाजांतील खेळाडूंचा ‘इतर’ हा पाचवा संघ आला. हजारे मराठी ख्रिस्ती कुटुंबातील होते, म्हणून त्या संघात. अशा स्पर्धेला गांधीजींनी १९४० मध्ये विरोध दर्शविला होता आणि १९४५-४६ नंतर ती बंद झाली. इतके सांगून पुढे जावे. या मुद्द्यावर वक्ता रेंगाळला की सभागृह क्रिकेट सोडून भलतीकडे जाते, असा माझा अनुभव आहे.

एक व्यावहारिक सावधगिरी येथेच नोंदवतो. या कथेत तीन विजय आहेत: विजय हजारे, विजय मर्चंट आणि पुढे येणारे विजय मांजरेकर. वक्त्याने पहिल्या वाक्यापासून आडनावच वापरावे. मी एकदा ‘विजयने शतक केले’ असे म्हणून गेलो आणि पुढची पाच मिनिटे कोणता विजय, याचा खुलासा करण्यात गेली.

दुसरा टप्पा ॲडलेडचा. हजारे यांचे कसोटी पदार्पण १९४६ मध्ये लॉर्ड्सवर झाले, तेव्हा त्यांचे वय ३१ होते. महायुद्धामुळे त्यांची ऐन उमेदीची वर्षे कसोटीविना गेली होती. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड कसोटीत ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या. भारताच्या पहिल्या डावातील ३८१ मध्ये हजारे यांच्या ११६ आणि दत्तू फडकर यांच्या १२३ होत्या आणि त्या दोघांनी सहाव्या गड्यासाठी १८८ धावा जोडल्या. फडकर मूळचे कोल्हापूरचे. समोर लिंडवॉल आणि मिलर हे वेगवान गोलंदाज, आणि खेळपट्टीवर सांगलीचा एक फलंदाज आणि कोल्हापूरचा एक: हे वाक्य सीमाभागातील कोणत्याही सभागृहात म्हणून पाहावे, मागच्या बाकांपर्यंत माना वर होतात. फॉलोऑननंतर मंकड आणि कर्णधार अमरनाथ शून्यावर बाद झाले, लिंडवॉल यांनी ३८ धावांत ७ बळी घेतले, आणि त्यातही हजारे यांनी २७७ पैकी १४५ धावा केल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला.

हजारे मध्यमगती गोलंदाजीही करत आणि त्या मालिकेत त्यांनी ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ब्रॅडमन यांना दोनदा त्रिफळाचीत केले, ही गोष्ट श्रोत्यांना फार आवडते. मात्र ती पूर्ण सांगावी: सिडनीला ब्रॅडमन १३ धावांवर गेले, ॲडलेडला २०१ धावांवर. अर्धी गोष्ट सांगून मिळवलेली टाळी मला तरी नको वाटते.

तिसरा टप्पा १९५२ चा, आणि येथे वक्त्याने एकाच वर्षातील दोन दिवस शेजारी शेजारी ठेवावेत. फेब्रुवारीत मद्रासला हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवले. १९३२ पासून कसोटी खेळणाऱ्या भारताचा तो पहिला विजय होता. विनू मंकड यांनी सामन्यात १२ बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके केली. कर्णधाराची स्वतःची मोठी खेळी त्या सामन्यात नाही. तिच्यासाठी त्याच मालिकेतील दिल्लीच्या नाबाद १६४ आणि मुंबईच्या १५५ सांगाव्यात. त्यानंतर जूनमधील, इंग्लंडातली लीड्सची कसोटी. पहिल्या डावात मांजरेकर यांच्या १३३ आणि हजारे यांच्या ८९ धावा, चौथ्या गड्यासाठी २२२. दुसऱ्या डावात मात्र ॲलेक बेडसर आणि पदार्पण करणारे फ्रेड ट्रूमन यांच्यापुढे धावफलक लागला तो ० बाद ४ असा नव्हे, तर ४ बाद ० असा. हा भेद मुलांना फळ्यावर लिहून दाखवावा लागतो, कारण दूरचित्रवाणीवर आकडे कधी एका क्रमाने येतात, कधी दुसऱ्या. त्या पडझडीतून पुन्हा हजारे आणि फडकर उभे राहिले आणि त्यांनी सहाव्या गड्यासाठी १०५ धावा जोडल्या. हजारे ५६, फडकर ६४. सामना इंग्लंडने जिंकला.

कर्णधारपदाबद्दल थोडक्यात बोलावे. १४ कसोटी, विजय तो एकच. त्यांना दुबळा कर्णधार म्हणण्याची एक रीत आहे. पण ज्या संघाला वीस वर्षांत एकही विजय मिळाला नव्हता, त्याच्या कर्णधाराला आजच्या मापाने मोजणे मला न्याय्य वाटत नाही.

आता आकड्यांकडे वळावे. पहिल्या वीस मिनिटांत डाव दाखवून झाले असले की श्रोते आकडे ऐकतात. येथे एकच वजाबाकी-भागाकार करावा. ३० कसोटी, ५२ डाव, त्यांपैकी ६ वेळा नाबाद, धावा २१९२. सरासरी काढताना ५२ ने भागायचे नाही. ६ नाबाद डाव वजा करून उरलेल्या ४६ ने भागायचे, म्हणजे ४७.६५ मिळतात. येळ्ळूरकडच्या एका शाळकरी मुलाने मला विचारले होते की नाबाद राहिलेल्याच्या धावा धरायच्या आणि डाव मात्र धरायचा नाही, हा अन्याय नाही का. मी त्याला सांगितले की सरासरी ही ‘दर डावाला किती’ यापेक्षा ‘दर वेळी बाद होईपर्यंत किती’ असे सांगते. त्याचे पूर्ण समाधान झाले नाही, पण प्रश्न चांगला होता.

प्रथम श्रेणीचे, म्हणजे कसोटीसह रणजीसारख्या सर्व बहुदिवसीय सामन्यांचे, आकडे वेगळ्या बाजूला लिहावेत: १८,७४० धावा, ६० शतके, ५९५ बळी. कसोटी आणि प्रथम श्रेणी यांची सरमिसळ ही अशा व्याख्यानांतील सर्वांत मोठी चूक आहे. ३०९ ही कसोटीतील खेळी नव्हे, आणि ती त्यांची सर्वोच्चही नव्हे. महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध १९३९-४० मध्ये पुण्यात केलेल्या नाबाद ३१६ धावा सर्वोच्च आहेत. नंतर ते ज्या बडोद्याकडून खेळले, त्याच संघाविरुद्ध. मार्च १९४७ मधील रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी गुल महंमद यांच्याबरोबर चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या; गुल महंमद ३१९, हजारे २८८. कोणत्याही गड्यासाठीचा तो जागतिक विक्रम २००६ मध्ये श्रीलंकेच्या संगक्कारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा करेपर्यंत टिकला. गुल महंमद पुढे पाकिस्तानकडून एक कसोटी खेळले, तीही ऑक्टोबर १९५६ मध्ये. त्याच्या पुढच्याच महिन्यात राज्य पुनर्रचनेत आपल्याकडे काय झाले हे बेळगावच्या श्रोत्याला सांगावे लागत नाही, आणि सांगूही नये. त्या विषयाला स्वतंत्र व्यासपीठ आहे आणि एकदा तो निघाला की हजारे परत येत नाहीत.

पुरस्कार एका वाक्यात संपवावेत: १९६० मध्ये हजारे आणि जसू पटेल हे पद्मश्री मिळालेले पहिले क्रिकेटपटू ठरले. १८ डिसेंबर २००४ रोजी वडोदऱ्यात हजारे यांचे निधन झाले. विजय हजारे करंडकाचा उल्लेख मात्र जरूर करावा, कारण कर्नाटकाने तो २०१३-१४ मध्ये प्रथम जिंकला आणि नंतरही जिंकला, त्यामुळे मुलांच्या तोंडी हे नाव असते. ज्यांच्या नावाने एकदिवसीय स्पर्धा चालते, ते स्वतः आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना कधी खेळले नाहीत, कारण त्यांच्या काळात तो नव्हताच. हे ऐकून मुले चकित होतात.

तयारीसाठी हातात एकच कागद ठेवावा आणि त्यावर फक्त धावफलक असावेत, वाक्ये नसावीत. प्रत्येक आकडा दोन ठिकाणी पडताळावा आणि जो जुळत नाही तो सोडून द्यावा. खडू दोन रंगांचे न्यावेत, हजारे यांच्या धावा एका रंगात, संघाच्या दुसऱ्या. फळा नसेल तर जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानांवर चालते. खेड्यातील वाचनालयात मी तेच केले आहे.

शेवटी प्रश्नांसाठी दहा मिनिटे राखावीत, कारण ‘हजारे मोठे की मर्चंट’ हा प्रश्न येणारच. मर्चंट यांची प्रथम श्रेणीतील सरासरी ७१.६४ आहे, हजारे यांची ५८.३८. कसोटीत मात्र मर्चंट १० सामन्यांत ४७.७२, हजारे ३० सामन्यांत ४७.६५. हे चार आकडे फळ्यावर लिहावेत आणि वक्त्याने आपले मत शेवटी सांगावे. माझे मत हजारे यांच्या बाजूचे आहे. खानापूरच्या एका निवृत्त शिक्षकांना ते अजून मान्य नाही.