व्यंगचित्र अडलंय? या चुका टाळा

"सुचतच नाही" ही व्यंगचित्रकारांची नेहमीची तक्रार. पण बहुतेक वेळा अडतं ते सुचण्यापाशी नाही. विचार करणं आणि चित्र पुरं करणं ही दोन कामं एकाच बैठकीत, एकाच कागदावर उरकायचा हट्ट नडतो. विचार करताना हात बेफिकीर हवा आणि शाई लावताना डोकं निवांत. दोन्ही एकदम करायला गेलं की धड एकही होत नाही.

पहिल्याच कल्पनेवर थांबू नका

समजा, रस्त्यातल्या खड्ड्यांवर चित्र करायचंय. सगळ्यात आधी आठवतो तो खड्ड्यात गळ टाकून बसलेला माणूस. मग होडी. मग डुंबणारी म्हैस. या तिन्ही कल्पना आजवर कितीतरी जणांनी काढल्यात आणि वाचकाच्या डोक्यातही त्या आधीच असतात. तरी त्या कागदावर उतरवा, कारण उतरवल्याशिवाय त्या वाट सोडत नाहीत. मग प्रश्न बदला: हा खड्डा नेमका कुणाच्या वाटेत येतो?

पोदेराच्या, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याच्या! सायकलच्या मागे पावांची टोपली, हँडलला भोंपू. खड्डे इतके की दोन्ही हात हँडलवरून सुटत नाहीत, भोंपू दाबणार कोण? म्हणून पुढच्या दांडीवर एक पोरगा बसवलाय, फक्त भोंपू वाजवायला. आता हे गोव्याचं चित्र झालं. शब्द लागत नाही आणि खड्डा कोपऱ्यात जरासा दिसला तरी पुरतो. अशी कल्पना चौथी किंवा पाचवी येते. पहिलीवर समाधान मानणाऱ्याकडे ती फिरकत नाही.

या टप्प्यावर पाठकोरे कागदच वापरा आणि चित्रं काडेपेटीएवढी काढा. महागाचा कागद पुढ्यात असला की हात बिचकतो.

कल्पनेची वाट बघत हात रिकामा ठेवू नका

गोव्यातल्या लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (१९२६–२०११) लहानपणी घराच्या भिंती रंगवायचे, म्हणून आईने त्यांना कोरी वही दिली. त्या वहीची रोजनिशी झाली आणि पुढे कितीतरी वर्षं ते रोजचा दिवस चित्रांत लिहीत राहिले. शिक्षण इतिहासाचं, चित्रकलेचं रीतसर नाही. त्यांच्या चित्रातली गर्दी बघा. कडेला उभा असलेला माणूसही भरतीचा वाटत नाही, त्याला त्याचं स्वतःचं काहीतरी चाललेलं असतं. मला वाटतं, ही पुंजी त्या रोजनिश्यांची आहे. ती पानं कुठे छापून यावीत म्हणून काढलेली नव्हती.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात वही घेऊन उभे राहा. चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा मांडून बसलेली बाई गिऱ्हाइकाने भाव विचारला तर मान वर करत नाही, नुसते डोळे उचलते. घासाघीस सुरू झाली की मात्र तिचे खांदे आधी मागे जातात, तोंड नंतर उघडतं. हे फोटोत सापडत नाही. फोटो काढला की आपण बघायचं थांबतो, ही मोबाईलची खरी अडचण आहे. चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. आधी पाठीचा बाक, खांदे, पाय कुठे टेकलेत ते धरा. स्वभाव तिथे असतो.

पेन्सिलचं चित्र शाईने तंतोतंत गिरवणं हीही मोठी चूक. रेषा मरते. पेन्सिल फक्त जागा ठरवण्यापुरती फिकी ठेवा. कच्चं चित्र खालून उजेड असलेल्या काचेवर ठेवून वर नवा कागद घेतला तर उत्तमच. चेहऱ्यावरचे भाव मात्र थेट शाईत येऊ द्या.

खालचा मजकूर लिहिला की तो हाताने झाकून चित्र बघा. काहीच कमी पडलं नाही, तर मजकूर काढून टाका. शि. द. फडणीसांनी शब्दाविना हास्यचित्रं किती दूर जातात ते दाखवून दिलंय. एकाच घरात कोकणी, मराठी आणि इंग्रजी पेपर वाचले जातात त्या गोव्यात तर याचा फायदा उघड आहे.

रोज चित्र द्यायचं असेल तर चौकटीचा आकार, पात्रं, जागा रोज नव्याने ठरवत बसू नका. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला, धोतरातला, न बोलणारा सामान्य माणूस १९५१पासून त्याच छोट्या चौकटीत उभा राहिला. एवढं ठरलेलं असलं की सगळी ताकद विषयाला मिळते.

पावसाळ्यात सामानाकडे दुर्लक्ष नको

दिवाळी अंकांचं काम नेमकं श्रावण-भाद्रपदात येतं, आणि तेव्हा गोव्यात कागदाला हात लावला तर तो गार लागतो. दमट कागदावर शाई फुटते, रेषेला केस येतात. अशा वेळी टाक बदलून उपयोग नाही. कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि लागेल तेवढेच बाहेर काढा. शाई वरून सुकलेली दिसली तरी खोडरबर लगेच फिरवू नका, काळं पसरतं. नव्या निबवर तेलाचा पातळ थर असतो म्हणून शाई थेंब-थेंब होऊन घसरते. निब साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. काम संपल्यावर धुऊन कोरडी करा, नाहीतर या हवेत तिला लगेच गंज धरतो.

राहिली नापसंत होऊन परत आलेली चित्रं. ती फाडू नका. मागच्या बाजूला विषय आणि महिना लिहून फाईलला लावा. खड्डे, वीज, चतुर्थीची महागाई हे विषय वर्षाला परत येतातच. त्याआधी पंधरा दिवस फाईल उघडा आणि जुनी कल्पना नव्या कागदावर पहिल्यापासून काढा.